आमचे सहा, शेजारचा एक
मंगळवार, संध्याकाळ. जामखेड.

आमच्या विहिरीत आज खडक फोडायला सात सुरुंग भरले होते. बार मोजायचं काम माझं. बांधाआडून सात मोजले आणि ओरडले, "झाले सात!" धाकटे दीर दोराला धरून निम्मे खाली उतरले, तेवढ्यात शेजारच्या विहिरीवरून काकूंची हाक आली, "आमचा बी एक बार उडाला गं आत्ताच! दगडं न्हाई ना आली तिकडं?"

म्हणजे आमचे सहाच! एक खाली जिवंत. दिरांना कसंबसं वर ओढलं. बांधाआड पोचतोय तोच तो उडाला. शेजारचा बार आमच्यात कसा मोजला मी?

चहा पिताना दीर म्हणाले, "उद्या बी तुमीच मोजा, वैनी. आता तुमी चुकनार न्हाई."

डोळे मिटून परत परत मोजतेय. तरी सातच भरतात, शेजारचा कुठला ते वेगळा काढता येत नाही.