गच्चीवरचा गरम टब

बाबा, आम्ही मयूर विहारला वरच्या मजल्याचं घर घेतलं आणि त्याच्याबरोबर गच्चीवरचा गरम पाण्याचा टब पदरात पडला. आधीच्या मालकांनी तो हौसेने बसवला होता आणि जाताना तिथेच सोडून गेले. चार माणसं ऐसपैस बसतील एवढा, बाजूंनी पाण्याचे फवारे, तळाला निळा दिवा. तुम्ही असतात तर हात मागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारली असतीत आणि अर्थिंग नीट आहे ना, एवढंच विचारलं असतंत. माझा नवरा म्हणत होता, भंगारवाल्याला देऊन टाकू. मी मात्र आईचा विचार करत होते.

आई हल्ली माझ्याकडे असते. दिल्लीची थंडी गुडघ्यांना सोसत नाही, पुण्याला धाकट्याकडे जाते, हे तिचं पालुपद बरेच दिवस चालू होतं. गुडघे दुखतात हे खरंच. पण लेकीच्या घरी किती राहायचं, हे खरं शल्य, आणि ते ती जावयासमोर बोलून दाखवत नाही. मला वाटलं, रोज गरम पाण्यात बसायला मिळालं तर निदान गुडघ्यांची सबब उरणार नाही. मी टब घासूनपुसून भरला आणि तो चक्क चालला. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आईने आम्हा सगळ्यांना तेल चोपडलं, उटणं फासलं आणि तसंच टबात बसवलं. मग स्वतःही उतरली. फवारे सुरू झाले आणि तेल, उटणं, साबण सगळ्याचा मिळून फेस काठावरून ओसंडायला लागला. माझ्या मुलीने त्याचा मुकुट करून आजीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आजी, तू बिल्कुल क्वीन दिसतेस." आई पाण्यात पाय मारत हसत होती. तिला इतकं खुशीत मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

दुसऱ्याच दिवसापासून पाणी गार. पॅनेलवर काहीबाही लुकलुकायचं आणि हीटर बंद पडायचा. मेकॅनिक आला, लांबूनच बघून म्हणाला, हीटर गेला, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, थंडी संपेपर्यंत काही आशा ठेवू नका. आईने ते ऐकलं, माळ्यावरची बॅग काढायला लावली आणि पुण्याचं तिकीट बघ म्हणाली.

त्या दुपारी मी टबासमोर मांडी घालून बसले आणि मला आपल्या सरकारी क्वार्टरमधली ती सकाळ आठवली. कडाक्याची थंडी आहे, गीझरमधून पाणी येत नाही, मला शाळेला उशीर होतोय आणि मी स्वयंपाकघरातलं लाटणं आणून गीझरला बडवतेय. तुम्ही अर्ध्या दाढीने बाहेर येता आणि लाटणं काढून घेता. "बडवून ते काय सांगणार आहे तुला? पाण्याच्या मागे मागे जा. कुठे अडतंय ते बघ." मला रागच आला होता. मग तुम्ही मला स्टुलावर उभं केलंत, हातात पाना दिलात, आणि गाळाने बुजलेला पाइप मी स्वतः सोडवला. त्या दिवशी माझी शाळा बुडली आणि तुम्ही ऑफिसला उशिरा गेलात, पण संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला माझंच कौतुक सांगत होतात.

तर मी पाण्याच्या मागे गेले. फवाऱ्यांतून ते जेमतेम येत होतं, म्हणजे आत जातानाच कुठेतरी अडत होतं. वीज बंद केली, बाजूचं झाकण उघडलं, फिल्टरची नळकांडी बाहेर ओढली आणि एकटीच मोठ्याने हसायला लागले. तिच्या प्रत्येक घडीत आमचं उटणं तेलात कालवून बसलं होतं. वाससुद्धा दिवाळीचाच. पाणी पुढे सरकत नाही म्हटल्यावर हीटर बिचारा जळू नये म्हणून आपोआप बंद होत होता. मी नळकांडी भांड्यांच्या साबणात भिजवली, धुतली, टबातलं पाणी बदललं. संध्याकाळी टबावर वाफ दिसायला लागली तेव्हा मी गच्चीवर अक्षरशः नाचले.

आईला हाताला धरून वर आणलं आणि मोठ्या रुबाबात विचारलं, आता गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? ती काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मग म्हणाली, "गुडघ्यांचं राहू दे. तुला मी इथे हवी आहे का, ते सांग."

मी म्हटलं, "हवी आहेस." जावईबापूंना? त्यालाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच हसली. "मग एवढं तोंडाने सांगायचं की. तेवढ्यासाठी हा केवढा खटाटोप. अगदी यांच्यावर गेली आहेस." बॅग माळ्यावर गेली. आता ती रोज सकाळी टबात बसते, उटण्याशिवाय, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही हाक मारते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. फक्त एक कबूल करते. तुमच्याशी बोलायचं म्हणून बसले आणि फिल्टर, हीटर, फवारे यांतच पानं भरली. बाबा, मला तुमची फार आठवण येते.