सीटखालचा जोड

बाबा, तुमची गाडी परवा कामठी रोडवर पेटता पेटता राहिली, आणि आई आत होती. आई बरी आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असतात तर आधी तेच विचारलं असतं, गाडीचं नंतर. आम्ही मावशीकडे निघालो होतो. मेट्रोच्या खांबांखालून जाताना गाडी एका खड्ड्यात आदळली, इंजिन गप्प झालं आणि डॅशबोर्डाखालून धूर यायला लागला. तो वास मी लगेच ओळखला. तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात लहानपणीच नाकात बसलेला, जळक्या वायरीचा. मी उतरून धावत पलीकडे गेले, तर आईचं दार उघडेना. तुम्हाला माहीत आहे ते दार, जरा वर उचलून ओढावं लागतं, आणि नेमकं तेवढंच मला आठवेना! मागचे लोक हॉर्न वाजवून राहिले, आई काचेतून माझ्याकडे बघते आहे, मांडीवर मावशीसाठी घेतलेला डबा घट्ट धरलेला. शेवटी मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची क्लिप उपटून काढली, तेव्हा कुठं धूर थांबला. दार उघडल्यावर आई काय म्हणाली असेल? "पाह्य, डबा सांडला नाही." मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले, बाबा. भीतीनं ओरडले.

दादानं त्याच संध्याकाळी निकाल देऊन टाकला. "रविवारी भंगारवाल्याले घेऊन येतो. तुले आईले जाळाचं आहे काय?" त्याचं खोटं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत गाडी अशीच कुठंही बंद पडायची. सीताबर्डीला भर गर्दीत पडली, नंदनवनात घराच्या वळणावर पडली, आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशी चालू व्हायची. असा फॉल्ट सगळ्यात नालायक, हे तुमचंच म्हणणं. आई मात्र हटून बसली. "त्यांच्या हातची गाडी आहे. ते मले काहून जाळतीन?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू पाह्य. तुले येते."

येत होतं, बाबा. कधीकाळी येत होतं. कॉलेजातून सुटले की मी तुमच्या दुकानात यायचे आणि तुम्ही मला डॅशबोर्डाखाली घुसवायचात, कारण माझे हात बारीक. एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या हॉर्नची तार मी जोडते आहे. तो घाई करतो आहे, कथील वितळवून सोल्डर मारायला वेळ लागेल म्हणून मी दोन तारा नुसत्या पिळते, वरून टेप गुंडाळते. तुम्ही येता, दोन बोटांत तार धरता आणि ओढता. सुटतेच ती. गिऱ्हाइकासमोर तुम्ही म्हणता, "नुसता पिळलेला जोड म्हणजे गाडीत ठेवलेली आगपेटी. हे समजत नसंन तं माझ्या दुकानात पाय ठेवू नको." मी घरी आले ती आलेच. तुम्ही बोलावलं नाहीत, मी गेले नाही. हट्टाच्या बाबतीत आपण दोघं एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे. पुढं लग्नात माझ्या भांड्यांच्या पेटीत, एका पितळी डब्यात, तुमचा टेस्ट लॅम्प निघाला. इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन तारा, टोकाला क्लिपा, आणि एकूण एक जोड सोल्डरचा. सासूबाईंनी विचारलं, हे काय वं? मी म्हटलं, चुकून आलं असंन. पण फेकला नाही.

तोच लॅम्प घेऊन मी काल शाळेत शिकवून आल्यावर गाडीशी बसले. माझ्या हातात रविवारपर्यंतचाच वेळ होता. आधी फ्यूज पाहिले. शेवटच्या आजारपणात तुम्ही गाडीला चोर स्विच बसवला होता, लपवलेलं बटण, ते दाबल्याशिवाय चावी फिरवूनही गाडी चालू होत नाही. त्या तारेला तुम्ही एक जास्तीचा फ्यूज दिला होता. का दिला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. त्या फ्यूजच्या जागी मला काय सापडलं, सांगू? तांब्याची जाड तार! फ्यूज सारखा उडतो म्हणून रस्त्यावरच्या कोण्या शहाण्या मेकॅनिकनं घालून दिली असणार, आणि मीच त्याला चहाही पाजला असेल. फ्यूज उडाला की तार वाचते. फ्यूजच नाही, मग तार जळणार नाही तर काय होईल? तोंडात आलेल्या शिव्या मी मोठ्यानं दिल्या, शेजारीण खिडकीतून वाकून पाहून गेली.

ती तार काढून तुम्ही शिकवलंत तसा तिच्या जागी बल्ब लावला. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जाणारी तार सोडवून ठेवली, म्हणजे चावी चालू असली तरी बल्ब पेटायचं कारण नाही. पेटला, तर कुठंतरी उघडी तार पत्र्याला टेकते आहे. बल्ब पेटला नाही. मी एकेक तार हलवली, डॅशबोर्डाखाली डोकं घालून ठोकलं, बॉनेट आपटलं, गाडी धक्के मारमारून हलवली. काही नाही. घाम डोळ्यांत जाऊन राहिला. मला रडू यायला लागलं, कारण न सापडणारा फॉल्ट गाडीतच असतो, आणि त्या गाडीत मी आईला पुन्हा कोणत्या तोंडानं बसवणार? आणि तेवढ्यात डोक्यात आलं. मी एकटी शाळेत जाते तेव्हा ही कधीच बंद पडत नाही. सीताबर्डी, नंदनवन, कामठी रोड, प्रत्येक वेळी शेजारी आई होती.

आईला बोलावलं. ती दारापाशी येऊन थांबली. तोंडानं कितीही म्हणाली तरी घाबरली होती, पदराचं टोक मुठीत. "पुन्हा धूर निघंन तं?" मी म्हटलं, "मधात बाबांचा बल्ब आहे. पेटला तं तो पेटंन, तार जळणार नाही. दार उघडं ठेव, एक पाय बाहेर ठेव." ती देवाचं नाव घेऊन बसली. सीट करकरली. आणि बल्ब असा पेटला म्हणता, लख्ख! "उठ!" मी किंचाळले. ती उठली, बल्ब विझला. पुन्हा बसवलं, पुन्हा पेटला.

बॅटरी सोडवली आणि आईची सीट काढली. स्प्रिंग बसून बसून खाली टेकली होती. तिच्याखाली, चटईच्या आत, चोर स्विचच्या तारेचा जोड. टेप वाळून सुटलेली, आत तांबं उघडं. आणि बाबा, तो जोड नुसता पिळलेला होता. सोल्डरचा थेंब नाही. माझं डोकंच फिरलं. "पाह्य, आई! हे पाह्य तुझ्या नवऱ्याचं काम! मले दुकानातून हाकललं याच्यापायी, अन् स्वतः काय करून ठेवलं!" तुमचे हात थरथरत होते तरी चोर स्विच तुम्ही कोणाला हात लावू न देता बसवला, असं आई आजवर सगळ्या नातेवाइकांना सांगत आली आहे. ती वाकून त्या जोडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तो माझा आहे."

तिनं सांगितलं, तुम्हाला वाकता येत नव्हतं. बाकीचं तुम्ही बसून केलंत, सीटखाली आई शिरली. तुम्ही टॉर्च धरलात, तो उजेडही हलत होता, म्हणाली. पिळ, अजून पिळ, आता टेप मार. तिनं विचारलं होतं, सोल्डर? तुम्ही म्हणालात, याले लागत नाही. "मंग?" मी विचारलं, "ओढून पाहिला त्यांनी?"

"ओढला नाही. नुसता पाहिला. म्हनले, एक नंबर."

तेव्हा मला तो जास्तीचा फ्यूज कळला. तुम्हाला माहीत होतं जोड कच्चा आहे. सोल्डर मारायला तुमच्या हातात बळ नव्हतं आणि तिचा हात भाजू द्यायचा नव्हता. म्हणून तिला एक नंबर म्हणालात आणि गुपचूप मधे फ्यूज टाकलात, की जोड कधी सुटलाच तर फ्यूज जाईल, ती नाही. त्या रस्त्यावरच्या दाढीजाळ्यानं तो काढला नसता तर धूर निघालाच नसता. मी तिथं फरशीवर बसून ढसाढसा रडले. थोडं तुमच्यासाठी, आणि खरं सांगू, थोडं रागानं. मला एकदा तरी एक नंबर म्हणायचं होतंत.

"खराब होता काय वं माझा जोड?" आई विचारत होती.

"नाही वं. जोड चांगला होता. टेप उंदरानं खाल्ली."

तिचे पीळ मी सोडवले नाहीत. त्यांच्यावरूनच सोल्डर मारलं, वर रबरी नळी चढवली, तार पत्र्यापासून लांब बांधली, नवा फ्यूज टाकला. आज रविवार. दादा आला, गाडी दूरवर फिरवून आला, आणि भंगारवाल्याला त्यानं फोनवरच नाही म्हणून सांगितलं. आई त्याच्या शेजारी बसली होती. आता ती आतून विचारून राहिली, काय लिहितेस इतकं. शाळेचे पेपर तपासते, म्हटलं. ती झोपायला गेली की हे कागद फाडून टाकीन, तिच्या हाती लागले तर उंदराचं बिंग फुटेल.

एक मात्र राहिलं. सोल्डर थंड झाल्यावर जोड ओढून पाहायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. आई टॉर्च धरून उभी होती, माझ्या हातांकडे बघत. मीही ओढून पाहिला नाही, बाबा. तिला एक नंबर म्हणाले.