माझं जंबेरी, धोंडूचं लिंबू

मी, बनुबाई नाथाजी भोईटे, वय वर्षे शहात्तर, राहणार लोणंद, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा, आज हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. साखर आहे, गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही आणि कोणी गोड बोलून गुंडाळलेलेही नाही. लिहिणारे दानिश वकील हे रसूलभाई रोपवाटिकावाल्यांचे नातू. मी बोलेन तसे लिहा, मधे शहाणपण करू नका, असे त्यांना बजावले आहे.

साक्षीदार म्हणून माझी धाकटी जाऊ धोंडुबाई हिला बोलावले आहे. जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. ते ऐकले आणि मी लगेच तिचे नाव दिले.

१. माझ्या नावावरचे राहते घर व पुढचे अंगण मुलगा ऋषिराज यास देते. त्याने ते विकू नये असे मी म्हणत नाही. तो विकेलच.

२. बोरमाळ आणि पाटल्या सून अंकिता हिला. पोरगी गुणाची आहे. दोनदा धोंडूकडून लोणचे आणून माझ्या पाठीमागे खाल्ले, ते मला वाटीच्या वासावरून कळले होते. तरी देते.

३. अंगणातले झाड. इथे जरा लांबण लागेल.

आमचे मालक मिलिटरीत. सुट्टीवर येताना जे आणायचे ते दोन आणायचे, एक मला, एक धोंडूला. सासूबाईंची शिस्त होती, दोन सुनांत डावे-उजवे चालणार नाही. दोन लुगडी, दोन स्वेटर, दोन कंदील. नवरा माझा, पण माझ्या एकटीसाठी म्हणून कधी काही आले नाही. ते तेव्हा सलायचे आणि अजून सलते. १९८७ साली त्यांनी रसूलभाईंकडून लिंबाची दोन कलमे आणली. एक माझ्या दारात लावले, एक तिच्या. मधे दहा पावले.

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या झाडाला, डोळा बांधतात त्या गाठीच्या खालून, एक फुटवा आला. महिन्यात हातभर वाढला. तिच्या झाडालाही आला होता, तो तिने खुडून टाकला. मला म्हणाली, "आवं आक्का, गाठीखालचा फुटवा काढा. त्यो जंबेरीचा हाय, वरच्या लिंबाला खाऊन टाकंल."

जंबेरी म्हणजे ज्याच्या मुळावर चांगल्या लिंबाचा डोळा बांधतात ते रानटी झाड. मला ठाऊक नव्हते असे नाही. रसूलभाईंनी दोघींनाही सांगितले होते. पण तिचे झाड कमरेएवढे आणि माझे डोक्याच्या वर, हे बघून माझा ऊर भरून यायचा. मी म्हणाले, "तुझं बुटकं ऱ्हायलं म्हनून माझं मोडाय लावतीस व्हय गं?" त्याच फुटव्याला मी शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. वरचे लिंबू कधी वाळून गेले ते मला कळलेही नाही.

चौथ्या वर्षी फळे धरली. मोसंबीएवढी, खडबडीत, जाड सालीची, आत बियाच बिया, आणि तोडायला जावे तर हातभर ओरखडे. धोंडूची लिंबे पातळ सालीची, नुसते दाबले तरी रस. मी गावभर सांगितले की आमचे लिंबू आसामचे आहे, मालकांनी खास माझ्यासाठी आणले. आणि पंचवीस-तीस वर्षे बाजारची लिंबे मेथीच्या जुड्यांखाली लपवून आणली, त्यांचे लोणचे घातले, आणि घरच्या झाडाचे म्हणून पाहुण्यांना वाढले. हे आज कबूल करते. झाड तोडू नये. हट्ट माझा होता, झाडाचा काही गुन्हा नाही. त्याच्या बिया दानिश वकिलांनी घरी न्याव्यात. वर दुसऱ्याचे लिंबू बांधायला त्या चांगल्या.

४. मालकांचा मिलिटरीतला पांढरा मग. आमच्या घरात दुसरी जोड नसलेली ही एकच वस्तू.

२०१६ साली मालक शेवटच्या दुखण्यात होते. तोंडाला चव नव्हती. म्हणाले, "धोंडूच्या झाडाचं लिंबू आन. सरबत कर." मी बाजारचे पिळले आणि तिचेच आहे म्हणून मग पुढे केला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला. "ह्ये न्हवं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी धोंडू आपण होऊन पदरात लिंबे घेऊन दारात आली. झोपलेत, म्हणून मी सांगितले. आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. ती तशीच माघारी गेली. चार दिवसांनी मालक गेले.

दहाव्याला वाईच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. आईला अंतर देणार नाही, असे ऋषिराजने कबूल केले. धोंडूचे यजमान केरबाभावजी यांनी विडी ठेवली. मी हात जोडून उभी. ऊन तापायला लागले. मग धोंडूने पिशवीतून लिंबू काढले, चिरले, पिंडाशेजारी ठेवले. कावळा लगेच आला. सगळ्यांना हायसे वाटले. मला मात्र एकीला नदीत ढकलावेसे वाटले. तिला की मला, ते अजून ठरलेले नाही. त्या महिन्यातच मी दोन्ही अंगणांच्या मधे भिंत घातली.

हा मग मी अंकिताच्या नावे लिहिणार होते. इतके बोलून झाल्यावर तसे सांगवत नाही. तो मग धोंडुबाई केरबा भोईटे हिला देते. जीव जळतो आहे, पण देते. तिने त्यात काय प्यावे ते तिचे ती ठरवील.

५. भिंत माझ्या जागेत आहे. ती पाडावी. विटा ऋषिराजच्या.

६. माझ्या दहाव्याला कावळा अडला तर कोणी काहीबाही कबूल करत बसू नये. धोंडूला पुढे होऊ द्यावे. ती ठेवील ते ठेवील. आणि काही न ठेवता नुसती उभी राहिली, तरी तिला कोणी बोलू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

सही: बनुबाई नाथाजी भोईटे
ठिकाण: लोणंद
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. आप्पासो, निवृत्त शिक्षक, शेजारी
२. सुमैरा, परिचारिका, लोणंद

खुलासा: पहिल्या साक्षीदाराच्या जागी आधी लिहिलेले धोंडुबाईचे नाव खोडले आहे. चौथ्या कलमामुळे तिला आता साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणतात. खोडले त्या जागी माझी सही आहे. धोंडू सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे. तिला माघारी पाठवलेले नाही. आत बोलावून हे सगळे वाचून दाखवा, असे वकिलांना सांगितले आहे.