आमचा फलक कुणासाठी होता

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि त्यावरून सगळ्यांवर निघणारा तुझा राग, दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा. माझी तब्येत ठीक, म्हणजे झोप सोडून सगळं जागच्या जागी आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या संस्थेच्या मूक उपक्रमात इमारतीच्या दाराशी आमची नऊ माणसं उभी राहिली. नऊ हा आकडा खरा आहे, ‘आमची’ हा शब्द खोटा आहे. (शाळेत घालण्याआधी तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अक्षरं शिकवलीस, तेव्हा चुकलेलं गिरगटून लपवू नकोस, वर एकच रेघ मार, म्हणायचीस. ही ती रेघ समज.) आमची तिघंच होती: संचालकबाई, टंकलेखक आणि मी. चौथा झेरॉक्सचं यंत्र दुरुस्त करायला आला होता. त्याला संचालकबाईंनी दंडाला धरून उभं केलं. उरलेल्या पाच जणी इमारतीचे जिने पुसणाऱ्या बायका.

झालं असं. समुद्रापलीकडे मासळी डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात बायकांनी बसायला स्टुलं मागितली, म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यांच्यासाठी अकरा देशांत एकाच क्षणी उभं राहायचं होतं. कुठल्या देशात तेव्हा किती वाजलेले असतील, हे काढणं माझ्याकडे होतं. मी तीनदा पडताळलं आणि तिन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर आलं. बाकीचं जग दुसऱ्या दिवशी उभं राहिलं. शिवाय फलक मी त्या बायकांच्याच भाषेत रंगवला होता (फोटो त्यांना पाठवायचा, तर त्यांना वाचता यायला नको?), त्यामुळे रस्त्यावर तो कुणालाच वाचता येईना. एका गृहस्थांनी दुकान कधी उघडणार, असं विचारलं. कळण्यासारखं होतं ते एकच, मधोमध काढलेलं स्टुलाचं चित्र.

ते पाहून जिन्यांवरच्या बायकांतली थोरली, जिला बाकीच्या चौघी चेष्टेनं मुकादमीण म्हणतात, बादली खाली ठेवून माझ्याशेजारी आली. या पाच जणी जिन्याखालच्या खोलीत, बादल्यांच्या गर्दीत, उभ्या उभ्या जेवतात. त्यांनी इमारतीच्या मालकाकडे एक बाक मागितला, तर येत्या एक तारखेपासून येऊ नका, असा निरोप आला. (मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पुसलेल्या पायऱ्यांवरून रोज वर जाऊन मी परदेशातल्या स्टुलांबद्दल चाळीस पत्रं लिहिली.)

“आमच्यासाठी उभ्या राहिलात आणि आम्हालाच सांगितलं नाहीत होय? सरका जरा,” ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला. मागोमाग बाकीच्या चौघी.

मावशी, ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. उपक्रम मूक होता, ही सबब मी स्वतःला बारा दिवस देते आहे. खरं कारण वेगळं. दोन वर्षं मी जगभर पत्रं पाठवते आणि जगभरातून ‘मिळालं’ एवढंच उत्तर येतं. प्रार्थनेचंही तसंच, तिथून तर पोचही नाही. तो साबणानं भेगाळलेला हात हातात आला आणि पलीकडे कुणीतरी आहे, हे पहिल्यांदा पटलं. इतका आनंद झाला की मला रडूच फुटलं. “बघा गं, आपल्यापेक्षा हिलाच जास्त लागलंय,” मुकादमीण म्हणाली आणि पाचही जणी खळखळून हसल्या (मूक उपक्रम तिथेच संपला).

नंतर मी त्यांचा विषय संचालकबाईंकडे काढला. त्या फार मायेनं म्हणाल्या, “अगं, मलाही वाईट वाटतं. पण आपलं काम जागतिक. आपल्याच इमारतीचा जिना त्यात कसा बसवायचा?” ही इमारत मालकानं आम्हाला फुकट वापरायला दिली आहे, हे त्या म्हणाल्या नाहीत. आणि रोज सकाळी मुकादमीण विचारते, “आपल्या कामाचं कुठवर आलं?” मी म्हणते, चाललंय. काहीही चाललेलं नाही.

आता तूच सांग, मी काय करू? खरं सांगितलं तर त्या पाच जणींचा उभ्या जगात एक आधार होता तोही जाईल, आणि माझाही. न सांगता त्यांच्या बाजूनं उभी राहिले, तर ते उभं राहणंही खोट्यावरच. तू म्हणशील तसं करीन.

तुझी घाबरट भाची

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी: तुझी मागची खोली दोन महिने कुणाला देऊ नकोस. माझी राहायची जागाही संस्थेचीच आहे, नोकरी गेली की तीही जाईल.

आणखी एक. सल्ल्याची घाई करू नकोस. पत्र तुझ्यापर्यंत यायला चार दिवस लागतात, आणि म्हणूनच हे मी सोमवारी टाकते आहे. मुकादमिणीला सगळं खरं सांगून, तिनं जवळ घेतलं तर तिच्याशेजारी, नाही घेतलं तर दोन हात लांब, मी त्या बाकासाठी दाराशी उभी राहणार आहे गुरुवारी, सतरा तारखेला, सकाळी साडेसहा वाजता.