बाबांच्या माइकचं बटण

९ मार्च, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. "पोराच्या हातात सगळं आहे, कान मात्र नाहीत. तो नसला तरी चालेल आपल्याला." बाबांचं हे वाक्य बावीस वर्षांत तू विसरला नसशील. मीही नाही. खरं तर पत्र ह्यानं सुरू करायचं नव्हतं. आधी तीन कागद फाडले. प्रत्येकात वहिनींच्या गुडघ्याची चौकशी होती आणि प्रत्येकात त्याच्या पुढे हात अडला. तर, गुडघा कसा आहे? लेकीची परीक्षा झाली का? आम्ही ठीक. घर फार मोठं वाटतं, एवढंच.

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले. तू फोनवर "मला जमणार नाही" म्हणालास, मी "बरं" म्हणाले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सांगायचंय ते वेगळंच.

गेल्या रविवारी दुपारी हॉलवर बाबांची माणसं जमली. तोच आपला लाँड्रीच्या वरचा हॉल, बाबांचा बँड दर रविवारी वाजवायचा तो. साबणाचा वास तसाच, आणि जिन्याचा कठडा अजून हलतो. मला वाटलं, वीस-पंचवीस जण येतील. खुर्च्या संपल्या, मग लोक जमिनीवर बसले, मग जिन्यावर. भाषणं नकोत असं आधीच ठरलं होतं, म्हणून एक वही फिरवली. ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहायचं. ती वही ह्या पार्सलमध्ये आहे.

पहिलं पान बस कंडक्टर बाईंचं आहे. रविवारी ड्यूटी संपवून त्या गणवेशातच यायच्या आणि तिसऱ्या रांगेत दुसऱ्याच गाण्याला झोपायच्या. त्यांनी लिहिलंय, "एकदा मैत्रिणीनं सांगितलं, मी झोपले की मिस्त्री ड्रमच्या काठ्या खाली ठेवतात आणि मऊ ब्रशनं वाजवतात. तिकीट काढून झोपायला येणारी मी एकटीच असेन, पण माझ्या झोपेची एवढी काळजी घरातसुद्धा कोणी घेतली नाही."

सगळ्यांनी 'मिस्त्री'च लिहिलंय. खिशात पक्कड ठेवून लिफ्टच्या कामावरून थेट ड्रमवर बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार!

न्हाव्यानं लिहिलंय की मिस्त्री गाताना डोळे मिटायचे आणि नुसते वाजवताना उघडायचे, त्यामुळे एकाच स्टुलावर दोन माणसं बसलीत असं वाटायचं. खालच्या लाँड्रीवालीचं पान वाचून मी हसले आणि मग नीट हसता येईना. "मी म्हटलं, मिस्त्री, तुमचं ते ब्लूज म्हणजे रडगाणंच ना? तर म्हणाले, नाही हो बाई. रडगाणं रडता रडता म्हणतात. हे रडून, तोंड धुऊन झाल्यावरचं."

दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघांनी मिळून एक पान लिहिलंय. लग्नानंतरचं पहिलं मोठं भांडण तसंच घेऊन ते हॉलवर आले होते. तिनं लिहिलंय, "मिस्त्री माफी मागितल्यासारखं गायचे. मी ह्यांना म्हटलं, बघा, ते तुमच्या वतीनं मागतायत, तुम्ही निदान मान तरी हलवा." खाली डॉक्टरांच्या अक्षरात फक्त, "हलवली."

तुला आवडतील, दादा, ही माणसं. तुझ्या वेळची निम्मी आहेत त्यात.

आता खरं ते. वहीत सात जणांनी एकाच गोष्टीबद्दल लिहिलंय. गाणं संपलं की बाबा माइकचं बटण बंद करायचे, आणि हॉलभर 'टक' असा आवाज यायचा. शिंप्यानं लिहिलंय, "तो शेवटचा ठोका. टक झाल्याशिवाय आम्ही टाळी वाजवायचो नाही." एका नर्सनं लिहिलंय की वॉर्डातला दिवा बंद करताना तिला अजून गाणं संपल्यासारखं वाटतं. सगळ्यांना वाटतं, ती बाबांची कला होती.

तू होतास तेव्हा बाबा ते बटण वापरत नसत. आठवून बघ.

बावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी मध्यंतरात काय झालं, ते तुला माहीत आहे असं तू समजतोस. बाबा नेहमीसारखे स्टुलावरच बसून मान पुसत होते, बास वाजवणारे काका शेजारी वाकून बोलत होते, माइक बाबांच्या तोंडाशी. लोक चहा पीत होते. तू खिडकीशी होतास. आणि स्पीकरमधून ते वाक्य आलं. लोक हसले. त्यांना वाटलं, बापलेकाची चेष्टा चाललीय. तू कप खिडकीत ठेवलास, गिटार पेटीत घातलीस आणि जिना उतरलास. नंतर एकदाच म्हणालास, "मला एकट्याला सांगितलं असतं तर ऐकलं असतं. दोनशे लोकांसमोर कशाला?"

बाबांनी दोनशे लोकांसमोर सांगितलं नव्हतं, दादा. माइक मी चालू केला होता.

साउंडच्या टेबलाशी मी होते, हेडफोन लावून, तू म्हणायचास ती वायरींमधली मुंगी. पहिल्या गाण्यापासून कुठून तरी माइकची घरघर येत होती आणि ती कुठली ते शोधायला मी एकेका माइकचा आवाज वर करून बघत होते. मध्यंतरात हॉलचा मुख्य आवाज आधी बंद करायचा, हा पहिला नियम. तूच शिकवलेला. मी विसरले. वाक्य हॉलमध्ये गेलं, मग मी सगळंच खाली ओढलं. हॉलचे स्पीकर बंद झाले. पण हेडफोनमध्ये आवाज येतच राहतो, ते तुला माहीतच आहे. त्यामुळे पुढचं मी ऐकलं. त्या हॉलमध्ये काकांखेरीज फक्त मी.

काका म्हणाले, "मग काय, काढून टाकतोस का पोराला?"

बाबा म्हणाले, "काढतो कसला! त्याच्या वयात मी ह्याहून बहिरा होतो. तो वाजवतो तसं मला जन्मात जमायचं नाही. कान काय, येतील. तोवर मी थांबतो त्याच्यासाठी."

हे बाबांचंच बोलणं आहे, शब्द न् शब्द. बावीस वर्षं रोज पाठ म्हणत आलेय. काका हे सांगायला राहिले नाहीत, ते पुढच्याच वर्षी गेले.

त्याच संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "माझा माइक चालू राहिला होता का गं?" मी म्हणाले, "हो बाबा, तुम्ही बटण बंद करायला विसरलात."

एवढंच. एकवीस वर्षांची होते, घाबरले होते. पुढच्या रविवारपासून ते टक सुरू झालं. प्रत्येक गाण्यानंतर, एकदाही न चुकता. मी टेबलाशी बसून ऐकायचे.

भीती काही बावीस वर्षं टिकत नाही. मग का नाही बोललीस, असं तू विचारशील. आधी वाटलं, तू महिन्याभरात येशील. मग तुझा पत्ता बदलला. मग, हे लिहायला लाज वाटते, तू गेल्यावर बाबा माझे झाले. जेवताना माझ्यासाठी थांबायला लागले. नवं गाणं आधी मला ऐकवायला लागले. तू असताना माझ्याकडे वायरी असायच्या आणि तुझ्याकडे बाबा. खरं सांगितलं असतं तर तू परत आला असतास. हे मला तेव्हाही कळत होतं.

आईच्या वेळी तू दोन तास आलास. बाबांशी गाडीच्या वेळापत्रकावर बोललास. मी चहा करत होते, दाराआडून सगळं दिसत होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी साखर किती विचारली.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, बाबा म्हणाले, "ते बटण मी तेव्हा बंद केलं असतं तर पोरगं इथं असतं, नाही?" मी त्यांना पाणी पाजलं. तेवढंच जमलं मला.

हॉलवरच्या लोकांना मी हे सांगणार नाही. त्यांचं ते टक त्यांच्याकडेच राहू दे. तुला मात्र माहीत हवं. तुला काय वाटायचं ते वाटू दे. मला शिव्या दे, वहिनींना वाचून दाखव, पत्र फाड. पण बाबांनी तुला काढलं नव्हतं. त्यांनी दुसरा गिटारवाला कधीच घेतला नाही. ओळ गायची आणि तिच्यामागून गिटारची जागा येते ना, तिथे ते नुसता ब्रश फिरवत बसायचे. लोक समजायचे, बँडमध्ये माणसं कमी आहेत.

आता एक मागणं. वहीत शेवटी चार पानं कोरी आहेत. मी शाळेच्या बेचाळीस वह्या भरतील एवढं बाबांना ऐकलं, पण सुरुवातीचं काहीच नाही. मी शाळेत असायचे तेव्हा सकाळी तुम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचात. बाबा ताटलीवर चमच्यानं ताल धरायचे, असं आई सांगायची. ते तेव्हा काय बोलायचे, चुकलास की काय म्हणायचे, हसायचे का, हे कोणालाही माहीत नाही. ते एक पान तू लिहावंस आणि वही मला परत पाठवावीस.

तू लिहिणार नाहीस. जे बाबा मी तुझ्याकडून घेतले, त्यांतले उरलेलेही मी मागतेय, हे मला कळतंय. तुझ्या जागी मी असते तर वही ठेवून घेतली असती आणि पत्राला उत्तरही दिलं नसतं.

तरी मागते. एक पान दे, दादा.

तुझी,
वायरींमधली मुंगी