तीन रिंगा म्हणजे निघून या

१५ सप्टेंबर २००८, सोमवार. सकाळी ७.
नवी वही. हाताला पत्राची सवय, म्हणून आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेतो. गोदा कशी आहे? काल पुण्याला देविकाकडे सुखरूप पोचली. तिचा गुडघा? डॉक्टर बघतील, बदलायचा की कसं ते ठरवतील. आमची लेक देविका? नोकरी आणि घर, पळते आहे. जावई पुष्कर? मजेत. त्यानेच जर्मनीहून हा लिनक्सवाला फोन आणून दिला, त्याचं भलं होवो. शेजारचे अप्पाजी? खोकला उतरला. त्यांची लेक सरोजा? नवरात्रात मांडायच्या गोलूच्या बाहुल्या काढून पुसते आहे. मी? ठणठणीत. चौतीस वर्षं इथे चेन्नईत गिंडीच्या कारखान्यात टूलरूम सांभाळली, रिटायर झाल्यावर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स शिकलो. कोणी शिकवलं नाही. आणि फोन? त्याची तब्येत जरा नाजूक. बोललं की पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. गोदा म्हणाली, माझ्याशीच बोलायचं तर फोन कशाला हवा.

म्हणून ठरवलंय. रोज संध्याकाळी सातला ती मिस्ड कॉल देणार. एक रिंग म्हणजे क्षेम. दोन म्हणजे अप्पाजींकडच्या फोनवरून बोला. तीन म्हणजे निघून या. सेंट्रलला गाडी सुटताना मी छातीवर हात ठेवून सांगितलं, तीन वाजल्या की हातातलं टाकून पहिल्या गाडीत बसेन. ती हसली नाही.

१६ सप्टें.
निश्चय: रिंगा मोजणारा प्रोग्राम लिहायचा. फोन स्वतः मोजेल आणि अर्थ पडद्यावर लिहील. सोर्स कोडसकट जगाला फुकट. नाव 'क्षेम'. आठ दिवसांत पुरा.

२२ सप्टें.
सहाच दिवसांत झाला! फोन चार्जरवर होता. सातला एक रिंग, पडद्यावर 'क्षेम'. मेलिंग लिस्टवर पाठवून दिला. जगभर हा फोन घडवणारी मंडळी तिथे एकमेकांना मेल लिहितात. आता धडाधड उत्तरं येतील.

२३ सप्टें.
एक आलं. फिनलंडचा मार्कू. विचारतो, उचलायचाच नसेल तर माणूस फोन करतो कशाला? दीड पानभर आपली रीत समजावून दिली. उत्तर आलं: इंटरेस्टिंग. एवढंच. थंड देशातली माणसं कमी बोलतात.

२५ सप्टें.
बॅटरी चार तासांत बसते. उपाय सापडला: एरवी फोनला झोपवायचं, रिंग आली की तो आपोआप जागा होतो. चौदा ओळींत काम झालं. स्वतःच्या पाठीवर थाप मारली. हात पोचत नाही पूर्ण.

२६ सप्टें.
रिंग नाही. विसरली असेल.

२७ सप्टें.
रिंग नाही. लेकीकडे कामं थोडी असतात का.

२८ सप्टें., रविवार.
एक रिंग. क्षेम. बॅटरी दिवसभर पुरली.

२९ सप्टें.
एक रिंग. क्षेम.

३० सप्टें.
एक रिंग. क्षेम. सरोजाचा गोलू मांडून झाला, प्रसादाची उसळ, सुंडल, घेऊन आली. वहिनींचा गुडघा कसा आहे विचारत होती. मी पडदा दाखवला. म्हणाली, पडद्याला काय कळतंय हो गुडघ्याचं. साधी बाई. टेक्नॉलॉजी तिच्या डोक्यावरून जाते.

२ ऑक्टोबर.
लोकांचा विश्वास बसावा म्हणून जाहीर चाचणी. अप्पाजींनी त्यांच्या फोनवरून तीन रिंगा द्यायच्या, मी इकडे बघायचं. पडद्यावर एक आली. अप्पाजींना म्हटलं, पुन्हा नीट मोजून द्या. पुन्हा एक. ते चिडले. म्हणाले, सार, ओण्णु, रेंडु, मूणु म्हणून मोजून दिलों, मी काय शाळंतलं पोर हौं? मी वाद घातला नाही. पंचाहत्तरीत माणूस मोजायला चुकतोच. संध्याकाळी एक रिंग. क्षेम.

४ ऑक्टो.
मार्कूचा मेल. त्याने प्रोग्राम चालवून बघितला (पहिलं गिऱ्हाईक!). म्हणतो, फोन झोपेतून उठायला वेळ लावतो, तोवर पहिल्या दोन रिंगा निसटतात. जमलं तर बघ. आभार मानून कळवलं की पुढच्या आवृत्तीत बघेन, पण हा तिकडच्या थंडीचा परिणाम दिसतो. चेन्नईच्या उकाड्यात फोन पटकन उठत असणार. एक रिंग. क्षेम.

६ ऑक्टो.
एक रिंग. क्षेम. घर शांत आहे, कामाला उत्तम. गोदाच्या खुर्चीवर चार्जर, मॅन्युअल, वायरी. जागेचा सदुपयोग.

९ ऑक्टो., दसरा.
फोनला हळदकुंकू वाहिलं. ०.३ आवृत्ती जगाला दिली. एक रिंग. क्षेम. सणाच्या दिवशी निदान अप्पाजींकडे फोन करून बोलेल असं वाटलं होतं. क्षेम असताना काय बोलणार म्हणा.

१२ ऑक्टो.
दुपारी जेवलो का ते आठवेना. दहीभाताचं पातेलं रिकामं होतं, म्हणजे जेवलो असणार. एक रिंग. क्षेम.

१३ ऑक्टो.
एक रिंग. क्षेम.

१४ ऑक्टो., मंगळवार.
रिंग नाही.

१५ ऑक्टो.
रिंग नाही. प्रोग्राम तपासला. प्रोग्राम बरोबर आहे.

१६ ऑक्टो. सकाळी ११.
सरोजा बोलवायला आली. त्यांच्या फोनवर देविका होती. परवा गोदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बरी आहे.

मी म्हटलं, मला कळवायचं नाही का? देविका म्हणाली, बाबा, तारीख ठरल्यापासून आई रोज तीन रिंगा देत होती. मी म्हणायचे, सरळ अप्पाजीकाकांकडे फोन करते, तर करू द्यायची नाही. शब्द त्यांनी दिलाय, म्हणायची, मोजता येतं त्यांना. आत नेताना स्ट्रेचरवरूनही विचारलं, आले का. फॉर्मवर पुष्करने सही केली.

सरोजा बाजूलाच होती. कॉफी आणून ठेवली.

दुपारी ४.
झोपलेला फोन सरोजापाशी ठेवला आणि कोपऱ्यावरच्या पीसीओतून तीन रिंगा दिल्या. परत येऊन बघितलं. एक. सात वेळा गेलो. सातही वेळा एक. पीसीओवाला म्हणाला, सार, उचलत नाहीत वाटतं.

अप्पाजींची माफी मागितली. ते म्हणाले, असूं द्या हो.

१७ ऑक्टो.
गोदाशी बोललो, अप्पाजींच्या फोनवरून. आवाज बारीक. निघतो म्हटलं. म्हणाली, आता नका येऊ. भीती वाटत होती तेव्हा यायचं होतं. आता चालायला शिकवतात, देविका आहे. दिवाळीनंतर बघू. मी फोन झोपेतून कसा उठतो ते समजावू लागलो. ती म्हणाली, अहो, दुखतंय, ठेवते.

१८ ऑक्टो.
दुरुस्ती चार ओळींची निघाली. पंधरा मिनिटं लागली. लिस्टवर पाठवली. मार्कूचा मेल: उत्तम काम, मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतोय, तुझं नाव घालतो. महिनाभर हेच हवं होतं. वाचलं आणि खिडकी बंद केली. संध्याकाळी सातला टेबलापाशी बसलो. रिंग नाही.

१९ ऑक्टो., रविवार.
पत्र लिहायला घेतलं. पहिल्या तीन मसुद्यांत फोनचीच हकिगत आली. फाडले. चौथा असा:

चि. सौ. गोदास अनेक आशीर्वाद. तू सोळा संध्याकाळी बोलावलंस. मोजायचं काम मी फोनवर सोपवलं आणि त्याने लिहिलेलं वाचून निवांत बसलो. सरोजा बोलली, अप्पाजी बोलले, फिनलंडहून एकाने कळवलं. त्या तिघांचं मी ऐकलं नाही. फोनची चूक चार ओळींची होती. माझी किती मोठी ते तू सांग. तू ये म्हणालीस की निघतो, नको म्हणालीस तर इथेच थांबतो. पण रिंग देऊ नकोस. लिही. रागाचं असलं तरी चालेल, दोनच ओळी असल्या तरी चालतील. लवकर लिही.