लेकीचा बॅन्ड

तीर्थरूप दादांना धाकटीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही मायलेकी खुशाल आहोत. लेक थोडी वाळली आहे, पण आवाज खणखणीत. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

"स्थळ चांगलं आहे, जाझचं वेड पुरे, पोरीला घेऊन ये," असं तुम्ही लिहिलंत. काल तिच्या तालमीला बसले होते. सॅक्सोफोनवाले काका म्हणाले, "बाळ, तू नुसती गा, बॅन्ड आम्ही सांभाळतो." तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "काका, लय सोडून तुम्हीच पुढे पळताय. पुन्हा पहिल्यापासून!" सगळ्यांनी कुरकुरत वाजवलं, पण काय सुरेख वाजलं! माझा जप तेवढा राहिला. देव समजून घेईल.

मी तिला आणणार नाही. मुलाकडच्यांना तसं कळवा.

कागद वाया नको म्हणून तिच्या कार्यक्रमाच्या पत्रकामागेच लिहिलंय. उलटून बघा, बॅन्डप्रमुख म्हणून कुणाचं नाव आहे!

तुमचीच,
धाकटी